मागच्या दारचं दूध

या, जरा पुढे सरकून बसा. ही गोष्ट मोठ्यानं सांगायची नाही. थोरांच्या घरातली आहे, आणि त्या घरांतून आवाज चढवायची रीत नाही. तिथं माणूस तुटतं तेसुद्धा हलक्या आवाजात, चहाच्या पेल्याला धक्का न लावता. एका आईची गोष्ट सांगायची आहे, तिच्या लेकीची आणि एका नावाची. देवाच्या दारी नावाला काय मोल असतं ते तुम्हाला कुणी सांगायला नको. माणसाच्या दारी त्याच नावाचं काय होतं, तेवढं ऐका.

धक्का तसा अगदी लहान होता. ऑक्टोबरातली दुपार, लंडनवर धुराच्या रंगाचं आभाळ उतरलेलं, आणि कॉर्ब्रीच्या काउंटेस, लेडी थिओडोरा, मुलाच्या लग्नासाठी शिवायला टाकलेला पोशाख अंगावर बेतून घरी परतत होत्या. चौकातला रस्ता गॅसच्या नळासाठी खणून ठेवला होता. गाडीवान ब्रॅडलनं वाकून विचारलं, मागच्या गल्लीनं घेऊ का बाईसाहेब, नाहीतर अर्धा तास इथंच. त्यांनी मान हलवली. एकतीस वर्षं त्या या घरात राहत होत्या आणि घराची मागची बाजू त्यांनी पाहिली नव्हती. माणूस आपली पाठ पाहत नाही तशी. गल्लीत तबेल्यांचा उग्र वास होता, दोरीवर चादरी होत्या, आणि त्या चादरींच्या कोपऱ्यावर आपल्याच घराण्याचं चिन्ह भरलेलं पाहून त्यांना कसंसंच झालं, जणू कुणी त्यांना अर्ध्या कपड्यांत पाहिलं होतं. तेवढ्यात चाक कशाला तरी लागलं. पत्र्याचा आवाज झाला. खिडकीतून दिसली ती एक हातगाडी, तिच्यावर पितळी पट्ट्यांचा दुधाचा कॅन, तो कलंडलेला, आणि दगडांच्या फटींतून पांढरी रेघ धावत चाललेली. गोणपाटाचा एप्रन बांधलेली, डोक्यावर पुरुषी टोपी टाचलेली एक बाई खाली बसून कॅन उभा करत होती. ब्रॅडल म्हणाला, दिसत नाही का बाई, एवढी गाडी येतेय ती. बाई मान वर न करता म्हणाली, गाडी दिसते की. गाडीला दूध दिसत नाही. मग तिनं ओल्या बोटांनी केसांना हात न लावता मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळावरची बट डाव्या कानामागे सारली, आणि गाडी पुढे गेली.

एवढंच. मनगटाची मागची बाजू.

दारात हुजऱ्यानं हात दिला, हातमोजे उतरले, पायऱ्या चढल्या, सगळं झालं. पण लेडी थिओडोरांच्या डोळ्यांसमोर ते मनगट तसंच राहिलं. त्यांची लेक मिल्ड्रेड सात वर्षांची होती तेव्हा गावच्या बंगल्यात कुंपणाची काळी बोरं तोडून तोडून तिची बोटं जांभळी होत, आणि दाई ओरडायची की केसांना लावशील तर बघ, म्हणून ती मनगटानं बट मागे सारायची. पुढे चित्रं काढताना तेच, पेस्ट्रीचं पीठ मळायला स्वयंपाकघरात पळून जायची तेव्हा तेच. लंडनात लाखो बायका आहेत. प्रत्येकीला मनगट आहे. शिवाय मिल्ड्रेड नव्हतीच. मिल्ड्रेड बारा वर्षांपूर्वी वारली होती. तसं छापलेलं होतं. खोलीतल्या लिहायच्या टेबलावर, चांदीच्या दौतीशेजारी, ते छापील पान या घटकेलाही पडलेलं होतं.

ते पान दर ऑक्टोबरला येई. उमराव घराण्यांचं एक जाड लाल पुस्तक आहे, दर नाताळाला नवं निघतं. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं लग्न कुणाशी, कोण कधी गेलं, सगळं त्यात. आपल्या घराण्याचं पान तपासून, दुरुस्त करून, ठरल्या दिवशी परत पाठवायचं. कॉर्ब्रींच्या घरात हे काम काउंटेसचं. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी किल्ल्यांच्या आधी ती बारीक निबाची लेखणी हातात दिली होती, आणि सांगितलं होतं की सूनबाई, देव नंतर बघेल, आधी लोक हे बघतात. यंदाचं पान उद्या दुपारपर्यंत जायला हवं होतं. त्यावर पाचव्या ओळीत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं: लेडी मिल्ड्रेड, अविवाहित, निधन. तारीख नव्हती. बारा वर्षांपूर्वी ती ओळ त्यांनीच लिहून दिली होती.

चहाला लेडी स्ट्रॅटफील्ड होत्या. त्या नॉरफोकहून तीन दिवसांसाठी आल्या होत्या, त्यांच्या सिबिलचं आणि या घरच्या ऑब्रेचं लग्न डिसेंबरात ठरत होतं, आणि त्यांचं वागणं गाय विकत घ्यायला आलेल्या माणसासारखं होतं: गोड, पण दात बघणारं. लाल पुस्तक त्यांना पाठ होतं. कुणाची आत्या कुणाला दिली, कुणाच्या आजोबांनी दोनदा लग्न केलं, हे त्या लोणी लावता लावता सांगत. आज त्यांनी लोणी लावता लावता विचारलं की तुमची ती गेलेली मुलगी, तिला नक्की झालं काय होतं. लेडी थिओडोरा म्हणाल्या, ताप. कुठला ताप? परदेशातला. पाहुण्या बाईंनी पाव खाली ठेवला. त्यांनी अगदी मायेनं सांगितलं की गैरसमज नको, पण सिबिलच्या वडिलांना छातीच्या दुखण्याची फार धास्ती आहे. त्यांची बहीण तशीच गेली. आणि वीस वर्षांची मुलगी जाते, पुस्तकात तारीख नाही, गाव नाही, थडगं कुठं ते कुणाला ठाऊक नाही, तर माणूस विचार करतोच ना. उद्या दुपारच्या गाडीनं मी निघेन, त्याआधी मला एकदा नीट सांगा, म्हणजे आमच्याकडचा होकार लिहून टाकते. मग त्यांनी पेला उचलला, घोट घेतला, आणि बोलणं एकदम वळवून म्हणाल्या,

“दूध मात्र तुमच्याकडचं गावाकडच्यासारखं आहे हो. लंडनात असलं दूध मिळतं कुठं?”

लेडी थिओडोरांना ठाऊक नव्हतं. स्वयंपाकीण बघते, असं त्या म्हणाल्या, आणि स्वतःचा पेला ओठांशी नेला, आणि तो तिथंच थांबला. चहाच्या कडेला दुधाची साय पातळ चंद्रकोरीसारखी चिकटली होती. मागच्या गल्लीत दगडांच्या फटींतून धावणारी पांढरी रेघ. मागच्या दारी काही द्यायचं असल्याशिवाय हातगाडी मागच्या गल्लीत कशाला येईल? त्यांनी पेला तसाच खाली ठेवला. बशीवर टेकताना तो किंचित वाजला, आणि लेडी स्ट्रॅटफील्डनी ते ऐकलं.

मेलेल्या माणसाला आजार शोधावा लागतो, हे त्यांना बारा वर्षांत प्रथमच कळत होतं असं नाही. पहिल्या वर्षी सतरा पत्रं आली होती. लाल पुस्तक नाताळला बाहेर पडलं, आणि जानेवारीत काळ्या काठाच्या लिफाफ्यांची चळत. आपल्या दुःखात सहभागी. देव तिला विसावा देवो. नवरा, म्हणजे थोरले अर्ल, ताटाशेजारी ती पत्रं पाहून म्हणाले होते, उत्तरं दे, रीत आहे. त्यांनी काळ्या काठाचे कागद मागवले, सतरा उत्तरं लिहिली, आणि मग पत्रांना उत्तर देणारी बाई रंगीत कपड्यांत कशी फिरणार म्हणून काळा पोशाखही शिवून घेतला. तो पोशाख अंगावर चढवताना आरशात स्वतःला पाहून त्या रडल्या होत्या. अगदी खरं रडल्या. आणि त्या रडण्याची त्यांना जितकी भीती वाटली तितकी कशाचीच कधी वाटली नव्हती. ऑब्रे तेव्हा चौदा वर्षांचा, दूरच्या शाळेत. त्याला मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावून सांगितलं. त्यानं आईला लिहिलं होतं की ताईचा रंगांचा डबा मला द्या, कुणाला देऊ नका. तो डबा अजून त्याच्या खोलीत आहे. मोठा झाला, अर्ल झाला, शिकारीला जातो, पत्ते खेळतो, आणि डबा अजून आहे.

आणि त्या आधीचं. त्या आधीचं आठवायचं नाही असं त्यांनी स्वतःला शिकवलं होतं, पण आज ते सगळं पायऱ्या चढून वर येत होतं. गावच्या बंगल्यापासून वेल्सची सीमा कोसभर. त्या उन्हाळ्यात मिल्ड्रेड रोज संध्याकाळी चिखलात बूट बरबटून, गाल तापवून परत यायची. डोंगरापलीकडच्या चॅपेलात, म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांच्या साध्या प्रार्थनाघरात, इथेल प्राइस नावाचा एक तरणा उपदेशक आला होता. आठवडाभर चुलत्याच्या गाई राखायचा आणि रविवारी उपदेश करायचा. आई, तो बोलता बोलता गायला लागतो, मिल्ड्रेड म्हणाली होती. आधी साधं बोलतो, गाईंचं, पावसाचं. मग आवाज चढतो, मग शब्दांनाच सूर फुटतो, आणि समोरची माणसं हुंकार देतात. गाणं नाही ते, नुसतं बोलणंही नाही. हसून सोडून देण्यासारखं होतं. पण एका संध्याकाळी लेडी थिओडोरा स्वतः गेल्या. कुणाला न सांगता, मुलीला परत आणायला म्हणून. चॅपेलच्या भिंतीबाहेर, ओल्या गवतात, खिडकीखाली उभ्या राहिल्या. आतली वेल्श भाषा त्यांना कळत नव्हती. आवाज आधी ओढ्यासारखा वाहत होता. मग तो चढू लागला, एकच नाव पुन्हा पुन्हा घेऊ लागला, आणि दर वेळी ते नाव नवं होत होतं, आणि आतली माणसं त्या नावाला झाडासारखी वाकत होती. कधी आपल्या गालांवर पाणी आलं ते त्यांना कळलं नाही. आयुष्यभर त्या देवळात पहिल्या बाकावर बसल्या होत्या, घराण्याच्या दगडी पूर्वजांच्या पायाशी, आणि देव आपल्याला ओळखतो की नुसता आपल्या बाकाला, असा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. त्या संध्याकाळी पडला. मग त्या भिजलेला झगा सावरत परत आल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, आणि सप्टेंबरात मिल्ड्रेड त्याच्याबरोबर निघून गेली. म्हणजे मुलगी कशामागे गेली ते या घरात एका माणसाला नेमकं ठाऊक होतं. तेच एक माणूस गप्प बसलं.

अर्लनी सांगितलं, पानावरून तिचं नाव खोड. त्यांनी खोडलं. आठ दिवसांत नामावलीच्या कार्यालयाकडून अदबीचं पत्र आलं: एकदा छापलेली व्यक्ती पुस्तकातून काढून टाकता येत नाही, तसा नियम आहे; तिचा विवाह कळवावा किंवा निधन कळवावं, दोन्हीपैकी काय ते कृपया लिहावं. अर्लनी ते पत्र दोनदा वाचलं. लग्न तर झालं होतं, चॅपेलात, गवळ्याशी. त्यांनी पत्र लेडी थिओडोरांसमोर सरकवलं, निधन या शब्दावर बोट ठेवलं, आणि एवढंच म्हणाले, “हे परवडेल आपल्याला.” लेखणी अर्लच्या हातात होती, आपल्या नव्हे, असं लेडी थिओडोरा पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आल्या. पण बोट अर्लचं होतं. लेखणी लेडी थिओडोरांचीच होती.

जेवणासाठी कपडे बदलायच्या वेळी टिबिट आली. टिबिट त्यांची खास मोलकरीण, तेवीस वर्षं. हाडकुळी, तोंडाची तिखट, केसांत पिना खोवता खोवता बोलणारी. आज ती बोलत नव्हती. लेडी थिओडोरांनी आरशातूनच विचारलं की आपल्याकडे दूध कोण घालतं. पिना थांबल्या.

“मला वाटलंच होतं, त्या ब्रॅडलला गल्लीतून यायची अक्कल सुचली तेव्हाच,” टिबिट म्हणाली. “विचारताय तर सांगते बाईसाहेब. नंतर मला काढा.”

आणि तिनं सांगितलं. सगळं एका दमात नाही. एकेक पिन खोवत. थोरले अर्ल गेले त्या महिन्यात मागच्या दारी एक बाई आली, म्हणाली आमची डेअरी आहे पॅडिंग्टनकडे, वेल्सहून आलोय, दूध घालू का. टिबिट त्या वेळी सहज खाली गेली होती. तिनं बाईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली इस्त्री पायावर पडली. हा बघा डाग अजून. बाई म्हणाली, टिबिट, आरडाओरडा करू नकोस, मला फक्त दूध घालायचंय. मी म्हटलं, मिस मिली, तुम्ही तर मेलात. तर म्हणते, हो, वाचलंय मी. हसली बाईसाहेब. तुमच्यासारखीच, अर्ध्या तोंडानं. तेव्हापासून रोज सकाळी सहाला. स्वयंपाकिणीला ठाऊक नाही कोण ते. मी रविवारी त्यांच्या चॅपेलातही जाते. मला एक शब्द कळत नाही, पण त्यांचे यजमान उपदेशात गायला लागले की माझा गुडघा दुखायचा थांबतो.

“चार वर्षं,” लेडी थिओडोरा म्हणाल्या.

“चार वर्षं तुम्ही लेकीच्या हातचं पिताय,” टिबिट म्हणाली. “नाश्त्याला, चहाला, रात्री झोपताना कोमट करून. मीच कोमट करते. आणि रोज सकाळी नऊला तुम्ही खाली प्रार्थना घेता, राजेसाहेबांचं नाव, अर्लसाहेबांचं नाव, प्रवासाला गेलेल्यांचं नाव, आजारी कुत्र्याचंसुद्धा एकदा घेतलंत. मी खुर्चीत तोंड खुपसून ऐकते. एक नाव येईल म्हणून ऐकते. आता ही शेवटची पिन. मान हलवू नका.”

त्या जेवणात काय होतं, कोण काय बोललं, ते लेडी थिओडोरांना कधी आठवलं नाही. ऑब्रे हसत होता, सिबिलच्या घोड्याबद्दल काहीतरी सांगत होता, आणि त्याच्या हसण्याकडे पाहताना त्यांना कळत होतं की उद्या दुपारपर्यंत मुलगा आणि मुलगी, दोहोंपैकी एकाला मोडावं लागणार आहे. खोटं तसंच ठेवलं तर लेडी स्ट्रॅटफील्डना एक स्वच्छ, नीटनेटका, छातीशी संबंध नसलेला मृत्यू रचून द्यायचा. गाव, तारीख, डॉक्टर. म्हणजे मुलीला दुसऱ्यांदा, या वेळी सावकाश, तपशीलवार मारायचं. खरं सांगितलं तर कॉर्ब्रींनी बारा वर्षं सगळ्या देशाला फसवलं, सतरा घरांचं सांत्वन स्वीकारलं, आणि वराची बहीण हातगाडी ढकलते. मग होकार कसला. आणि ऑब्रे. ज्यानं रंगांचा डबा जपला, त्याला काय सांगणार? की तुला रडवलं ते परवडलं म्हणून?

सकाळी पावणेसहाला त्या मागच्या जिन्यानं उतरल्या. हा जिना नोकरांचा; कठड्याला हात धरायला गेल्या तर कठडा नव्हता, नुसती दोरी होती. स्वयंपाकघरात चूल पेटवणारी मुलगी त्यांना पाहून कोळशाच्या बादलीवर बसली ती बसूनच राहिली. टिबिटनं तिला बाहेर हाकललं, ओट्यावरचा निळ्या पट्ट्यांचा दुधाचा जग घेतला आणि काही न बोलता त्यांच्या हातात दिला. जग त्यांच्या अंदाजापेक्षा जड होता. रिकामा जग एवढा जड असतो, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. मग चाकांचा आवाज आला, कडी वाजली, आणि टिबिट दार उघडून स्वतः बाजूला सरकली.

मिल्ड्रेड बत्तीस वर्षांची होती. चेहरा वाऱ्यानं रापलेला, एक दात नसलेला, आणि डोळे तेच. तिनं आईकडे पाहिलं, तिच्या हातातल्या जगाकडे पाहिलं, मापाचं भांडं कॅनमध्ये बुडवलं.

“किती?” ती म्हणाली.

“नेहमी किती घालतेस?”

“चार मापं. आज पाहुणे आहेत म्हणून पाच.” तिनं ओतायला सुरुवात केली. धार जगात पडताना सुरुवातीला मोठा आवाज करत होती, मग भरत गेला तसा लहान. “काल सगळा कॅन सांडलास. बेझवॉटरच्या चार घरांना कोरा चहा.”

लेडी थिओडोरांनी क्षमा मागायचं ठरवलं होतं. शब्दही जुळवले होते. पण त्या म्हणाल्या एवढंच की पान आलंय, आज दुपारी पाठवायचं आहे, तुझं लग्न लिहीन, मुलांची नावं सांग.

“पुस्तकात?” मिल्ड्रेडनं मापाचं भांडं कॅनच्या काठावर अडकवलं. “मी वाचनालयात वाचलं होतं ते. पहिलं मूल पोटात होतं. इथेल म्हणाला, हसून सोड. मी हसले. मग घरी येऊन वाटलं, तारीख तरी द्यायचीस आई. कुठल्या दिवशी स्वतःसाठी मेणबत्ती लावायची ते कळलं असतं.” कुठंतरी घोड्याच्या टापांचा आवाज झाला. “बाबा गेले तेव्हा वाटलं, आता बोलावशील. नाही बोलावलंस. म्हटलं, बोलावत नाही तर नाही, दूध तरी पाजू. पाणी घालत नाही हं मी. एक दिवस नाही घातलं.”

“नावं सांग मिली.”

“ग्विलिम. अकरा वर्षांचा, आजोबांसारखा हट्टी. एमरिस, सहा. आणि थिओडोरा.”

जगाचा कान लेडी थिओडोरांच्या बोटांत रुतला. त्यांनी विचारलं, ती केवढी आहे. मिल्ड्रेडनं बट कानामागे सारली, मनगटानं.

“डोरा म्हणायचो आम्ही. तीन वर्षांची होऊन गेली. घटसर्प. फेब्रुवारीत पाच वर्षं होतील. तिची तारीख आहे माझ्याकडे, पण ती पुस्तकात नाही घालायची. पुस्तक राहू दे. तुला वाटलं तर लिही, नाही वाटलं तर मी तिथं मेलेली बरी आहे, कुणी चहाला बोलावत नाही.” तिनं गाडीचा दांडा उचलला, आणि मग दांड्यावर हात ठेवूनच, गल्लीकडे बघत, म्हणाली, “नऊला तू नावं घेतेस ना सगळ्यांची. टिबिट सांगते. त्यात घे. माझं नको, तिचं. इथेल रविवारी घेतो, पण त्याच्या तोंडी सगळंच गाणं होतं. तुझ्या कोरड्या आवाजात एकदा व्हायला हवंय. कुणी मोठ्या घरात तिचं नाव घेतलं, एवढंच.”

गाडी गेली. जग भरलेला होता. तो टेबलापर्यंत नेताना थोडं दूध त्यांच्या मनगटावर सांडलं आणि त्यांनी पुसलं नाही.

वर येऊन त्यांनी दौत उघडली. पाचव्या ओळीतले शेवटचे दोन्ही शब्द खोडले आणि वर विवाह लिहिला, इथेल प्राइस, आणि पुढे मुलांची नावं, तीन. डोराच्या नावापुढे एक शब्द लिहावा लागत होता, तो मात्र या वेळी खरा होता. बारा वर्षांपूर्वी एकीवर लिहिलेला तो शब्द जणू इतकी वर्षं हवेत तरंगत राहून चुकीच्या मुलीवर येऊन बसला होता. हात थांबला. मिल्ड्रेडनं नको म्हटलं होतं. त्यांनी डोराची ओळ तशीच, नुसत्या नावाची, सोडली. असा मजकूर छापता येत नाही असं कार्यालयाचं पत्र येईलच, येऊ दे. लिफाफा बंद करून टिबिटकडे दिला आणि सांगितलं की स्वतः जाऊन दे, आत्ता, परत मागितला तरी मला देऊ नकोस. टिबिट म्हणाली, देतेय कशाला.

नऊला जेवणघरात सगळे जमले. नोकरमंडळी आपल्या मानाप्रमाणे ओळीनं आली, खानसामा पुढे, चूल पेटवणारी मुलगी शेवटी. आणि रीतीप्रमाणे सगळे टेबलाकडे पाठ करून, खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, बैठकीत तोंड लपवून बसले. लेडी स्ट्रॅटफील्ड खिडकीजवळ, प्रवासाच्या पोशाखात. ऑब्रे उशिरा आला, ओल्या केसांनी, आणि शेवटच्या खुर्चीशी टेकला. लेडी थिओडोरा एकट्याच सगळ्यांकडे तोंड करून होत्या. समोर नुसत्या पाठी. टेबलावर नाश्ता मांडलेला, आणि मधोमध निळ्या पट्ट्यांचा जग. टिबिटनं चांदीचं भांडं बदलून मुद्दाम तोच ठेवला होता.

राजेसाहेबांचं नाव झालं. ऑब्रेचं झालं. सिबिलचं झालं. इथं दर सकाळी एक छोटा श्वास असे आणि मग प्रवासातले लोक. तो श्वास आज लांबला. कुणाच्या तरी गुडघ्याखालची फळी करकरली. आपला आवाज चढणार नाही, गाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ओल्या गवतात उभं राहून ऐकलेला तो सूर त्यांच्या गळ्यात कधीच नव्हता. त्यांनी कोरड्याच आवाजात वाचलं, प्रार्थनेच्या पुस्तकात नसलेलं:

“माझी मुलगी मिल्ड्रेड, जी जिवंत आहे, आणि जिला मी मेलेली म्हटलं. तिचा नवरा इथेल. ग्विलिम. एमरिस. आणि त्यांची डोरा, माझी नात, जी तीन वर्षांची होऊन तुझ्याकडे आली. तिला ओळख दे, देवा. आम्ही दिली नाही.”

पाठी हलल्या नाहीत. लेडी स्ट्रॅटफील्डचा हातमोजा खाली पडला, तो कुणी उचलला नाही. त्या काय म्हणतील ते दुपारच्या गाडीच्या वेळी म्हणतील, आणि ते काहीही असेल. चूल पेटवणारी मुलगी नाक ओढत होती. आणि मग, रीत मोडून, प्रार्थना संपायच्या आत, शेवटच्या खुर्चीशी ऑब्रे वळला. गुडघ्यांवरच वळला. त्याच्या गालावर खुर्चीच्या कापडाची नक्षी उमटली होती, त्यामुळे तो सव्वीस वर्षांचा न दिसता चौदाचा दिसत होता.

“आई,” तो म्हणाला, “पहिलं नाव पुन्हा म्हण.”

त्यांनी म्हटलं. तो तसाच बसून होता, आणखी एकदा ऐकायचंय असं तोंड करून, म्हणून त्यांनी आणखी एकदा म्हटलं; आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्यांच्या कोरड्या आवाजाला काहीतरी झालं. गाणं नव्हतं ते. नुसतं बोलणंही नव्हतं.

गोष्ट एवढीच. आता जाता जाता एक मागणं आहे, ते मोठं नाही. आज दिवे लागले की तुम्ही देवापुढे बसाल, आपल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा त्यांच्या मागे, शेवटी, कोपऱ्यात, त्या दूधवालीच्या पोरीला एवढीशी जागा द्या. डोरा प्राइस. तीन वर्षांची होती. कुठल्याच पुस्तकात तिचं नाव छापलेलं नाही. तुमच्या तोंडी तेवढी राहू द्या.